एकसष्ट : एका मूळ संख्येचा इतिहास

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात गेल्या वर्षी एका स्नेह्यांच्या एकसष्टीला जाण्याचा योग आला. घरच्या स्त्रियांनी अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढली होती आणि प्रत्येक ठिपक्यावर एकेक पणती ठेवली होती. रांगोळी नेहमीची, ‘९ ते ५’ ठिपक्यांची : मधली ओळ नऊ ठिपक्यांची, तिच्या वर आणि खाली आठ, सात, सहा, पाच अशा उतरत्या ओळी. बेरीज करून पाहावी, नेमके एकसष्ट ठिपके भरतात. मधोमध एक दिवा, त्याच्याभोवती सहा, मग बारा, मग अठरा, मग चोवीस, अशी षट्कोनी वलये. आठवीतल्या एका नातीने प्रश्न केला, “आजोबांना साठ वर्षं पूर्ण झाली ना, मग दिवे एकसष्ट का?” उत्तर एका आजींनी दिले : “साठावर थांबलं की बुद्धी नाठी होते बाई, म्हणून एक पुढचा लावायचा.” सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न घरापर्यंत सोबत करीत आला.

आजींच्या विनोदात तथ्य होते. आपल्या कालगणनेत साठ ही संख्या पूर्णतेची खूण आहे. साठ पळांची घटका, साठ घटकांचे अहोरात्र, प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरे. माणसाने साठ वर्षे पुरी केली की ज्या संवत्सरात तो जन्मला तेच नाव पुन्हा येते. चक्र पुरे होते आणि एकसष्टावे वर्ष नव्या फेरीचे पहिले वर्ष ठरते. मराठी वाङ्मयव्यवहाराला तर ही संख्या चांगलीच परिचयाची. कितीतरी लेखक, समीक्षक आणि प्राध्यापक यांचे गौरवग्रंथ एकसष्टीच्या निमित्ताने निघाले आणि आपल्या ग्रंथालयांच्या कपाटांत विसावले. परंतु ज्या संख्येच्या नावाने हा सोहळा होतो ती संख्या म्हणून कशी आहे, याची चौकशी आपण साहित्यवाले सहसा करीत नाही. करू गेलो तर ती चौकशी आपल्याला थेट सह्याद्रीच्या एका दरीत, आणि तिथून एका जुन्या मराठी शिलालेखापाशी नेऊन पोचवते.

साठ ही मोठी मनमिळाऊ संख्या. दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, पंधरा, वीस, तीस, कोणत्याही वाटणीला ती राजी. एक आणि स्वतः साठ धरून तिला एकंदर बारा विभाजक आहेत. साठ दिवे कितीही ओळींत मांडा, ताट नीटस दिसेल. त्यात एकच दिवा वाढवला की सारी समजूत मोडते. एकसष्टला दोनने, तीनने, पाचने, सातने भाग जात नाही. आठाचा वर्ग चौसष्ट, म्हणजे त्यापुढे तपासण्याची गरजच उरत नाही. एक आणि ती स्वतः, यांखेरीज तिला विभाजक नाही. अशा संख्येला शालेय पुस्तकांत ‘मूळ संख्या’ म्हणतात. जिचे तुकडे होत नाहीत आणि जिच्यासारख्यांच्या गुणाकारातूनच बाकी सर्व संख्या उगवतात, ती मूळ. शब्द नेमका आहे.

आता भास्कराचार्यांकडे वळू. शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ हा त्यांचा जन्म आणि छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. लीलावतीचे नाव सर्वांना ठाऊक असते. आपली गोष्ट मात्र बीजगणितातली आहे. तिथे वसंततिलका वृत्तातल्या एका श्लोकात भास्कराचार्य दोन उदाहरणे घालतात, एक सदुसष्टचे आणि दुसरे एकसष्टचे. कोणाला घालतात? ‘सखे’ असे संबोधन आहे, म्हणजे मित्राला. प्रश्नाचा आशय साध्या मराठीत सांगतो : अशी एक वर्गसंख्या शोध की तिला एकसष्टने गुणून त्यात एक मिळवला असता पुन्हा एक वर्गसंख्याच मिळेल.

प्रश्न दिसतो तसा नाही. हे कळण्यासाठी एकसष्टच्या दोन्ही शेजाऱ्यांना आधी विचारावे. साठला विचारा : चाराचा वर्ग सोळा, त्याला साठने गुणून ९६०, एक मिळवून ९६१, आणि हा एकतीसचा वर्ग. झाले उत्तर. बासष्टला विचारा : आठाचा वर्ग चौसष्ट, बासष्टने गुणून ३९६८, एक मिळवून ३९६९, म्हणजे त्रेसष्टचा वर्ग. एकीकडे उत्तर चार, दुसरीकडे आठ. मधल्या एकसष्टचे सर्वांत लहान उत्तर काय असेल? बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी. आकड्यांत २२,६१,५३,९८०. याचा वर्ग करून एकसष्टने गुणले आणि एक मिळवला की १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा वर्ग तयार होतो. याहून लहान अशी एकही शून्येतर पूर्ण संख्या चालत नाही. एकेक संख्या घेऊन पडताळायची ठरवली आणि रात्रंदिवस मिनिटाला एक या वेगाने काम केले, तर उत्तरापर्यंत पोचायला सुमारे चारशे तीस वर्षे लागतील. सात एकसष्ट्या!

पहिल्या शंभर संख्यांमध्ये इतके अवघड उत्तर दुसऱ्या कोणत्याही संख्येचे नाही. म्हणजे भास्कराचार्यांनी ‘सखे’ म्हणत मित्राच्या हाती जे दिले ते शंभरातले सर्वांत कठीण कोडे होते. हे योगायोगाने घडले असेल असे वाटत नाही. ज्याच्या हातात पद्धत आहे आणि त्या पद्धतीचा कस कुठे लागतो हे ज्याने स्वतः कष्ट करून पाहिले आहे, त्यालाच अशी निवड साधते.

ती पद्धत म्हणजे ‘चक्रवाल’. तिचा इतिहास भास्कराचार्यांच्याही मागे जातो. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त अशा प्रश्नांची दोन अपुरी उत्तरे एकत्र करून तिसरे उत्तर मिळवण्याची युक्ती दिली. जो असे एक उदाहरण वर्षभरात सोडवील तो गणिती, असेही त्याने म्हणून ठेवले आहे. त्या युक्तीला नाव मिळाले ‘भावना’. मराठीच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. आज आपण भावना म्हणजे मनातली उर्मी समजतो. मूळ अर्थ ‘अस्तित्वात आणणे, घडवणे’ असा आहे. भट्टनायकाच्या ‘भावकत्व’ व्यापारातही हाच धातू काम करतो. गणितातली भावना दोन अर्धवट उत्तरांतून नवे उत्तर अस्तित्वात आणते. पुढे जयदेव नावाच्या गणितज्ञाने चक्रवालाची रीत सांगितल्याचा दाखला इ. स. १०७३ च्या एका टीकेत मिळतो. भास्कराचार्य स्वतःदेखील ‘याला चक्रवाल म्हणतात’ अशा भाषेत बोलतात, शोध आपला असल्याचा दावा करीत नाहीत.

एकसष्टवर ही रीत कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही. एकाचा वर्ग घ्या, एकसष्टने गुणा. एक मिळवून वर्ग होत नाही, परंतु तीन मिळवले तर चौसष्ट, म्हणजे आठाचा वर्ग होतो. हे ‘तीन’चे उत्तर अपुरे आहे, पण हाताशी आहे. त्यावर चक्राचा एक फेरा दिला की दुसरे अपुरे उत्तर येते : पाचाचा वर्ग पंचवीस, एकसष्टने गुणून १५२५, त्यातून चार वजा केले तर १५२१, म्हणजे एकोणचाळीसचा वर्ग. आता शिल्लक ‘उणे चार’. चार हा स्वतःच वर्ग असल्याने दोन्ही संख्यांना दोनने भागता येते. अपूर्णांक येतात, पण शिल्लक ‘उणे एक’वर उतरते. या उत्तराची त्याच्याशीच भावना केली, आणि आलेल्या उत्तराची पुन्हा मूळ उत्तराशी भावना केली, की अपूर्णांक गळून पडतात. हाती येते ते असे : ३८०५ चा वर्ग गुणिले एकसष्ट, त्यातून एक वजा, बरोबर २९,७१८ चा वर्ग. शिल्लक अजूनही उणे एकच. याची स्वतःशी एकदा भावना केली की उण्याला उणे गुणून अधिक एक होतो आणि समोर ती दहा आकडी संख्या उभी राहते. चारशे तीस वर्षांचे काम पाटीवर दुपारभरात उरकले.

एकसष्ट मूळ संख्या आहे याचा या सगळ्याशी संबंध काय? भास्कराचार्यांच्या श्लोकात तसा उल्लेख नाही. परंतु बीजगणितात ते एक महत्त्वाची गोष्ट सांगून जातात : एक मिळवण्याऐवजी एक वजा करायचा असेल, तर गुणक हा दोन वर्गांची बेरीज असलाच पाहिजे, नाहीतर प्रश्नच खोटा. एकसष्ट ही पंचवीस आणि छत्तीस यांची, म्हणजे पाच आणि सहा यांच्या वर्गांची बेरीज आहे. म्हणून मघाची ‘उणे एक’ची पायरी तिच्या बाबतीत शक्य झाली. ही अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. चौतीस हीदेखील पंचवीस आणि नऊ या वर्गांची बेरीज, तरी तिच्या बाबतीत उणे एकचे उत्तर मिळत नाही. मूळ संख्यांचे मात्र वेगळे आहे. ज्या मूळ संख्येला चाराने भागून एक उरतो ती नेहमी दोन वर्गांची बेरीज असते आणि तिच्या बाबतीत ही उणे एकची पायरी नेहमीच सापडते. यातला पहिला भाग फ्रान्सच्या फर्माने १६४० मध्ये एका पत्रात कळवला आणि ऑयलरने अठराव्या शतकाच्या मध्याला सिद्ध केला. दुसरा भाग त्याच शतकाच्या उत्तरार्धात लजाँद्रने. मूळ असणे पायरीची हमी देते. पायरी किती उंचावर असेल हे मात्र सांगत नाही. सदतीस हीही मूळ संख्या, तीही चाराने भागली तर एक उरतो, आणि तिचे उत्तर अवघे बारा. एकसष्टचेच उत्तर एवढे लांब का गेले, या ‘का’ला एका वाक्याचे उत्तर नाही.

फर्माचे नाव आलेच आहे तर पुढची घटना सांगितली पाहिजे. फेब्रुवारी १६५७ मध्ये त्याने युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून हाच प्रश्न ठेवला. फ्रेनिक्ल या आपल्या मित्राला लिहिताना, फार त्रास नको म्हणून लहानशाच संख्या देतो, असे मिश्कीलपणे म्हणत त्याने दोन संख्या दिल्या. पहिली एकसष्ट, दुसरी एकशे नऊ. एकशे नऊचे उत्तर चौदा आकडी आहे! पाचशे सात वर्षांच्या अंतराने, दोन खंडांत, एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन माणसांनी मित्राला कोडे घालताना एकच संख्या उचलली. वाङ्मयेतिहासात अशी साम्ये दिसली की आपण लगेच प्रभाव शोधू लागतो. इथे प्रभाव कुठेच नाही. डोंगरावर दोन बाजूंनी चढलेल्या दोघांची शिखरावर गाठ पडावी, तसे हे आहे. संख्येचा स्वभावच त्यांना तिथे घेऊन आला.

इंग्लंडातल्या ब्राउंकर आणि वॉलिस यांनी फर्माचे आव्हान पेलले. पुढे ऑयलरने चुकून जॉन पेल या गृहस्थाचे नाव या समीकरणाला जोडले. पेलचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता, तरीही जगभरच्या पुस्तकांत ते आजही ‘पेलचे समीकरण’ आहे. आपल्याकडचे त्याचे नाव ‘वर्गप्रकृति’. लाग्रांजने १७६८ मध्ये अशा प्रश्नाला नेहमीच उत्तर असते हे सिद्ध केले. चक्रवाल कधीही अडत नाही, फेरे घेत शेवटी उत्तरापाशी येतेच, याची सिद्धता विसाव्या शतकात १९३० च्या सुमारास ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी दिली. भास्कराचार्यांनी रीत दिली, ती चालवून दाखवली. ती नेहमीच का चालते हे त्यांनी लिहिलेले नाही. हेही आपण तितक्याच स्वच्छपणे म्हटले पाहिजे.

खरी बोच वेगळ्याच जागी आहे. शहाजहानच्या काळात, १६३४ च्या सुमारास, अताउल्ला रशीदी याने भास्कराचार्यांच्या बीजगणिताचे फारसी भाषांतर केले होते. म्हणजे फर्माने पत्र लिहिले तेव्हा एकसष्टचे उत्तर संस्कृतात जवळजवळ पाचशे वर्षे आणि फारसीत वीस-बावीस वर्षे लिहून तयार होते. तेव्हा सुरतेला युरोपीय व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या, जहाजे येत-जात होती. मिरी गेली, नीळ गेली, कापड गेले. हा श्लोक गेला नाही. बीजगणित इंग्रजीत गेले ते १८१३ मध्ये स्ट्रेचीच्या हातून, फारसीवरून. आणि १८१७ मध्ये कोलब्रुकने ते थेट संस्कृतातून नेले. तोवर लाग्रांजचे काम होऊन अर्धे शतक लोटले होते.

मग आपल्याकडे काय चालले होते? येथे तो शिलालेख भेटतो. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ, सह्याद्रीच्या कुशीत पाटणे हे स्थान आहे. पाटणादेवी म्हणून आज लोक तिथे जातात. तिथल्या इ. स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांची वंशावळ कोरलेली आहे. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन-अध्यापन व्हावे म्हणून त्याने तिथे मठ काढला, त्याला स्थानिक सत्ताधीशांनी उत्पन्न लावून दिले. लेख संस्कृतात आहे. परंतु मठाला कोणी काय द्यायचे याचा व्यवहार सांगणारा शेवटचा भाग मराठीत आहे. आपण प्राचीन मराठीच्या शिलालेखांत हा लेख भाषेच्या रूपांसाठी वाचतो, विभक्तिप्रत्यय काढतो आणि पुढे जातो. त्या मराठी ओळी कशासाठी कोरल्या गेल्या, हे वर्गात सांगायचे राहून जाते. सिद्धान्तशिरोमणि शिकवणाऱ्या शाळेचा खर्च भागावा म्हणून त्या कोरल्या गेल्या. श्लोकात ‘सखे’ म्हणून विचारलेले कोडे पुढच्या पिढीतल्या सख्यांपर्यंत पोचावे, ही त्या मठामागची धडपड होती.

हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यानंतर १८९६ मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ प्रसिद्ध झाला. दीक्षित कोकणातल्या दापोलीजवळच्या मुरुडचे, पेशाने शिक्षक. भारतीय ज्योतिषाचा हा साक्षेपी इतिहास आधी मराठीत लिहिला गेला आणि इंग्रजीला त्याच्या भाषांतरासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत थांबावे लागले. मराठी ज्ञानभाषा होऊ शकते का, यावर परिसंवाद भरवताना हे पुस्तक टेबलावर असावे असे मला वाटते.

आपल्या परंपरेविषयी बोलण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. एक, सगळे आमच्याकडे आधीच होते, असे सांगत हिंडण्याची. दुसरी, हे सारे अभिमानाचे खूळ म्हणून पाठ फिरवण्याची. दोहोंत सोय एकच : श्लोक उघडून गणित करून पाहण्याचे कष्ट वाचतात. एकसष्ट ही संख्या त्या दृष्टीने मोठी न्यायी आहे. ती कोणाची भीड ठेवत नाही. २२,६१,५३,९८० हे उत्तर बरोबर आहे की चूक, हे देशाभिमानाने ठरत नाही, गुणाकाराने ठरते. आणि गुणाकार केला की ज्याने तो जवळजवळ नऊ शतकांनंतरही चुकीचा न ठरणारा लिहून ठेवला, त्याच्याविषयी वाटणारा आदर आपोआप खरा होतो.

वरशाला परत गेलो तेव्हा त्या नातीला एवढेच सांगितले, की साठ दिवे कसेही वाटून घेता येतात, एकसष्ट वाटता येत नाहीत. तिने वहीवर ठिपके काढून पाहिले. ओळी काही जमेनात. मग तिने दोन चौकोन काढले, एक पाच-पाचचा आणि एक सहा-सहाचा, आणि म्हणाली, “दोन रांगोळ्या काढल्या तर बसतात.” भास्कराचार्यांनी ज्याला ‘वर्गयोग’ म्हटले ते तिला कोणी न सांगता सापडले होते. तिला शाबासकी दिली, आणि पुढचा प्रश्न घातला. त्याचे उत्तर बारा असल्याने, सदतीसपासून सुरुवात केली.